लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाला... पण आतल्या टायमरवर तो लगेच विश्वास का ठेवत नाही?

नाशिक रोड स्टेशन सोडून गाडी भुसावळच्या दिशेनं निघाली की थोड्याच वेळात एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसायला लागतात. महानिर्मितीचं हे औष्णिक वीज केंद्र. १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले, प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच इथं आहेत. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्याला जोडलेला जनरेटर वीज तयार करतो. इतपत आपण सगळे शाळेत शिकलोय.

पण यातला एक आकडा शाळेत फारसा कुणी सांगत नाही. हे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे मारतं. म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते, ती इथूनच येते. एक फेरा म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद. आणि हे फक्त एकलहऱ्याचं नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला. तेव्हापासून देशभरातले असे सगळे जनरेटर एकाच ठेक्यावर फिरतात. ठेका किती पक्का ठेवायचा, तर ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या मध्ये.

थोडक्यात, वीज केंद्र हे एक अवाढव्य घड्याळच आहे.

आता गंमत बघा. वादळात तार तुटली की एकलहऱ्यातही लाइट जाते, दिव्याखाली अंधार म्हणतात तसा. थोड्या वेळानं लाइट येते आणि कुणीतरी कॉम्प्युटरचं बटण दाबतं. ज्या विजेवर तो चालतो तिचा ठेका इतका काटेकोर, पण त्या पहिल्या क्षणी त्या कॉम्प्युटरला किती वाजले हे तर माहीत नसतंच, स्वतःच्या आतली घड्याळं किती वेगानं पळतायत हेही माहीत नसतं. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम जागी झाली की तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे आतले टायमर थांबवायचे, त्यांच्यात आधीचं जे काही साचलंय ते काढून टाकायचं आणि मग नव्यानं लावायचे.

हे काम चुकलं तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन परत परत बंद पडतो. मोबाइल कंपनीच्या लोगोवर अडकून सारखा रिस्टार्ट होताना तुम्ही पाहिला असेल. त्याची कारणं बरीच असू शकतात, पण त्यातलं एक कारण इथं दडलेलं असतं.

आत घड्याळं किती असतात?

स्क्रीनच्या कोपऱ्यात आपल्याला एकच घड्याळ दिसतं. आत मात्र चार-पाच तरी असतात.

पहिलं, रिअल टाइम क्लॉक. मदरबोर्डवर बटणासारखा जो गोल सेल असतो तो यासाठी. कॉम्प्युटर बंद असला तरी हे चालू राहतं. याच्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण दोनाचा पंधरावा घात म्हणजे ३२,७६८. पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद हातात येतो. आपल्या मनगटी घड्याळातही हाच हिशेब असतो.

हे घड्याळ तारीख-वेळ सांगतं. पण कॉम्प्युटरचं रोजचं काम दुसऱ्याच टायमरवर चालतं. तुम्ही एका टॅबवर व्हिडिओ बघताय, मागे गाणं डाउनलोड होतंय, मधेच व्हॉट्सॲपचा मेसेज येतो. एका वेळी प्रोसेसरचा एक भाग एकच काम करू शकतो, त्यामुळे या सगळ्यांना थोडा थोडा वेळ वाटून द्यावा लागतो. तो वाटणारा म्हणजे कर्नल. (लष्करातला नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याच्या हातात सगळं हार्डवेअर असतं, त्याला कर्नल म्हणतात.) पण एखाद्या प्रोग्रामनं प्रोसेसर सोडलाच नाही तर? तेव्हा टायमर गजर देतो. प्रोसेसरचं काम मधेच थांबतं आणि सूत्रं परत कर्नलच्या हाती जातात. या गजराला इंटरप्ट म्हणतात. लिनक्समध्ये असा गजर पूर्वी सेकंदाला १०० वेळा वाजायचा, आता बऱ्याच ठिकाणी २५० वेळा वाजतो. म्हणजे एकलहऱ्याचं टर्बाइन एक फेरा पूर्ण करेपर्यंत पाच गजर. अर्थात काम नसेल तेव्हा आजकालचे कर्नल हा गजर बंदही ठेवतात, बॅटरी वाचते.

अशा गजरांचा आजोबा म्हणजे इंटेलची ८२५३ ही चिप. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये ती होती. ती सेकंदाला साधारण ११ लाख ९३ हजार १८२ ठोके मोजते. हा आकडा कुठून आला? अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीतून! त्या टीव्हीच्या सिग्नलच्या चौपट वेगाचा, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक पीसीमध्ये बसवला होता. त्याला बारानं भागलं की हा आकडा मिळतो. भारतात रंगीत टीव्ही आला तो वेगळ्या पद्धतीचा, पाल नावाचा. पण नाशिकमधल्या पीसीतही टायमर अमेरिकन टीव्हीच्या तालावरच चालत राहिला. पुढे लोकल एपिक, एचपेट असे नवे टायमर आले, प्रोसेसरमध्येच ठोके मोजणारा टीएससी नावाचा काउंटर आला, मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरनं स्वतःचा वेगळा टायमर आणला. जुनी चिप मात्र, निदान नक्कल म्हणून तरी, पीसीत बराच काळ टिकून राहिली.

घटिकापात्रात आधीचंच पाणी असेल तर?

रीसेट म्हणजे नेमकं काय, हे समजायला लग्नातलं घटिकापात्र आठवा. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्यानं भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसभरात अशा ६० घटिका. पूर्वी मुहूर्ताची वेळ यावरच काढली जायची.

आता समजा, आधीच्या कुणीतरी वापरून ठेवलेली वाटी तुम्ही न बघता तशीच पाण्यात सोडली. तिच्यात अर्धं पाणी आधीच आहे. मग ती २४ मिनिटांच्या बरीच आधी बुडणार आणि अंतरपाट वेळेआधीच दूर होणार. दुसरी शक्यता, वाटीचं भोक कुणीतरी मोठं करून ठेवलंय. तरीही गणित चुकणार. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. वाटी आधीच बुडालेली आहे, आणि भटजी अजून आलेच नाहीत.

कॉम्प्युटरमध्ये या तिन्ही गोष्टी होतात. कारण कर्नल हा काही सगळ्यात आधी उठणारा नसतो. बटण दाबल्यावर आधी फर्मवेअर जागं होतं, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. मग बूटलोडर येतो. ही मंडळीसुद्धा टायमर वापरतात. ‘सेटिंगमध्ये जायचं तर एफ टू दाबा’ असं म्हणून दोन सेकंद वाट बघतात ना, ती वेळ कशातरी मोजावीच लागते. काम झाल्यावर ते कर्नलच्या हाती गाडी सोपवतात. टायमर कुठल्या अवस्थेत सोडला, याची खात्री मात्र कुणी देत नाही.

यातला एक किस्सा नव्यानं ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. जुन्या पीसीच्या रचनेत टायमरचा गजर बायोस आठव्या क्रमांकावर जोडून ठेवतं. पण इंटेलच्या प्रोसेसरच्या नव्या मोडमध्ये आठवा क्रमांक ‘डबल फॉल्ट’साठी राखीव आहे. डबल फॉल्ट म्हणजे एक चूक निस्तरताना झालेली दुसरी चूक, प्रोसेसरच्या जगातली मोठी आणीबाणी. कर्नलनं ही जोडणी बदलायच्या आधीच गजर सुरू केले तर टायमर नुसता ‘एक ठोका झाला’ म्हणतो आणि प्रोसेसरला ऐकू येतं ‘आग लागली’. आग विझवण्याची सोय अजून झालेली नसली, तर तिसरी चूक होते आणि आख्खा कॉम्प्युटर रीसेट होतो. स्क्रीनवर काहीही न दिसता, नुसता परत सुरू.

मग कर्नल करतो काय?

सगळ्यात आधी कान बंद करतो. म्हणजे प्रोसेसरला सांगतो की आता कुणीही बेल वाजवली तरी दार उघडायचं नाही. मग कुठल्या गजराला कुणी उत्तर द्यायचं याचा तक्ता मांडतो. त्यानंतर टायमरकडे वळतो.

लिनक्सचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. एचपेट टायमर सापडला की लिनक्स आधी तो पूर्ण थांबवतो. मग त्याच्या आतल्या एकेका गजराकडे जाऊन तो बंद करतो. फर्मवेअरनं काय काय लावून ठेवलं होतं याची नोंदही तो ठेवतो, आणि नंतर मशीन बंद किंवा रिस्टार्ट होताना ती जुनी मांडणी जशीच्या तशी परत करतो. भाड्याचं घर सोडताना खिळे काढून भिंत पूर्वीसारखी करून देणारा भाडेकरू हल्ली सापडत नाही, लिनक्स मात्र असा आहे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रत्येक घड्याळ शून्यावर आणता येत नाही आणि आणायची गरजही नसते. गजर देणारा टायमर थांबवावाच लागतो. पण नुसता ठोके मोजत जाणारा काउंटर, जसा टीएससी किंवा मोबाइलमधला आर्मचा काउंटर, तो चालूच राहतो. कर्नल फक्त ‘मी आलो तेव्हा आकडा इतका होता’ हे टिपून ठेवतो आणि तिथून पुढचं मोजतो. रिक्षाचं मीटर खाली पाडता येत नसेल तर बसतानाचा आकडा लक्षात ठेवायचा, इतकं सोपं.

पण आकडा वाढण्याचा वेग किती? एक सेकंद म्हणजे किती ठोके? काही नवे प्रोसेसर हे स्वतःच सांगतात. बाकीच्या ठिकाणी मोजावं लागतं. ज्याचा वेग ठाऊक आहे असा एक टायमर, बऱ्याचदा तीच टीव्हीच्या तालावरची जुनी चिप, समोर ठेवायची आणि तिच्या ठरावीक ठोक्यांत या नव्या काउंटरचे किती ठोके झाले ते बघायचं.

एकलहऱ्यासारख्या केंद्रात बंद पडलेला संच परत सुरू करतानाही असंच काहीसं होतं. टर्बाइन फिरायला लागलं म्हणून लगेच ग्रिडला जोडत नाहीत. जनरेटरचं व्होल्टेज ग्रिडशी जुळवतात, आणि फ्रिक्वेन्सी व लाटेची वेळ जुळते का, हे सिंक्रोस्कोप नावाच्या यंत्रावर बघतात. काटा योग्य जागी आला की मगच ब्रेकर बंद होतो, म्हणजे जोडणी होते. न जुळवता जोडलं तर जनरेटरच्या शाफ्टला प्रचंड हिसका बसतो. कर्नलला शाफ्ट नसतो, पण ठोक्यांचा वेग चुकीचा धरला तर त्याचा प्रत्येक सेकंद चुकतो.

लिनक्स सुरू होताना पूर्वीपासून एक ओळ स्क्रीनवर सरकत जाते, ‘बोगोमिप्स’ची. प्रोसेसर रिकामा फेरा सेकंदाला किती वेळा मारू शकतो याचा तो आकडा. बोगो म्हणजे बोगसमधलं बोगो. आकडा दिसायला मोठा, पण यावरून कॉम्प्युटर किती वेगवान ते ठरवू नका, हे नावातच सांगून टाकलंय.

लाइट गेली की सगळं आपोआप शून्य होत नाही का?

हा बरोबर प्रश्न आहे. वीज गेली, चिपमधलं सगळं पुसलं गेलं, मग रीसेट कशाला?

तर पुसलं जाणं आणि शून्य होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ८२५३ ची पुढची आवृत्ती ८२५४. इंटेलच्या माहितीपत्रकात तिच्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे की वीज दिल्यानंतर तिची अवस्था अनिश्चित असते. कुठला मोड, कुठला आकडा, आउटपुट काय, काहीच गृहीत धरायचं नाही. पाटी पुसली म्हणजे ती कोरी झाली असं नाही, खडूचे कुठलेही फराटे राहू शकतात.

आणि वीज जाणं ही त्यातल्या त्यात सोपी केस आहे. खरी कसोटी लागते ती कर्नल चालता चालता कोसळतो तेव्हा. सर्व्हरवर एक सोय असते, केडंप नावाची. एक छोटा राखीव कर्नल आधीच मेमरीत ठेवलेला असतो. मुख्य कर्नल कोसळला की हा राखीव गडी थेट सुरू होतो आणि काय घडलं त्याचा पंचनामा करून ठेवतो. थेट म्हणजे मधे वीज जात नाही, बायोस येत नाही, हार्डवेअरला कुणी हात लावत नाही. आधीच्या कर्नलनं लावलेले टायमर तसेच पळत असतात. एखादा गजर वाजून गेलेला असतो आणि त्याला ‘ऐकलं’ म्हणणारा मध्येच गेलेला असतो. तो गजर तसाच अडकून राहिला तर नव्या कर्नलला पुढचा गजर मिळतच नाही. म्हणून लिनक्समध्ये सुरुवातीलाच असे अडकलेले, मागच्या जन्मातले गजर शोधून निकाली काढणारा खास कोड आहे. घटिकापात्राची तिसरी शक्यता ती हीच.

राखणीचा कुत्रा

एक टायमर या सगळ्यांपेक्षा वेगळा. त्याचं नाव वॉचडॉग. त्याचं काम एकच, ठरावीक वेळात कुणी खायला घातलं नाही तर आख्खं मशीन रीसेट करायचं. प्रोग्राम नीट चालला असेल तर तो दर काही सेकंदांनी वॉचडॉगला ‘मी जिवंत आहे’ असं सांगत राहतो. अडकला तर सांगणार कोण? मग कुत्रा चावतो.

माणसांचा वावर नसलेल्या ठिकाणी याची किंमत कळते. ओसाड माळावरचं सबस्टेशन, मोबाइलचा टॉवर, अवकाशातला उपग्रह. तिथलं मशीन हँग झालं तर बटण दाबायला जाणार कोण?

पण कर्नल सुरू होताना हाच कुत्रा डोकेदुखी ठरतो. कारण बरेचदा बूटलोडरच त्याला मोकळा सोडून देतो, म्हणजे कर्नल सुरूच झाला नाही तरी मशीन परत प्रयत्न करेल. हेतू चांगला. पण समजा कुत्र्याची मुदत ३० सेकंद आहे आणि डिस्क तपासण्यात ४० सेकंद गेले. तिसाव्या सेकंदाला रीसेट. परत सुरू, परत तपासणी, परत तिसाव्या सेकंदाला रीसेट. मशीनमध्ये बिघाड काहीच नाही, तरी ते कधीच सुरू होत नाही. म्हणून लिनक्समध्ये अशी सोय आहे की आधीपासून चालू असलेला वॉचडॉग सापडला, तर त्याचा नेहमीचा धनी म्हणजे तो प्रोग्राम येईपर्यंत कर्नल स्वतः त्याला खाऊ घालतो. सरसकट बंद करून टाकणं सोपं होतं, पण मग राखण कोण करणार?

आणि तारीख?

टायमर लावून झाले की कर्नल सेलवरच्या घड्याळातून तारीख-वेळ वाचतो. तो सेल संपला असेल तर कॉम्प्युटर भलत्याच सालात उघडतो. मग ब्राउझर म्हणतो की कनेक्शन सुरक्षित नाही, बँकेची साइट उघडत नाही. वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि तुमचा कॉम्प्युटर त्या तारखांच्या बाहेर बसलेला असतो. ऑथेंटिकेटर ॲपमधले दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडेही वेळेवरच चालतात. रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीआधीच्या बोर्डांवर हे घड्याळच नव्हतं, त्यामुळे इंटरनेट मिळेपर्यंत त्यांना आजची तारीख कळायची नाही.

घरात हा त्रास सेल बदलून मिटतो. विजेच्या जाळ्यात मामला गंभीर असतो. ३० जुलै २०१२ ला उत्तरेचा ग्रिड कोसळला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड एकदम गेले, सुमारे ६२ कोटी लोकांच्या भागात अंधार झाला. एकलहरे ज्या पश्चिम ग्रिडमध्ये येतं तो तेव्हा उभा राहिला. अशा घटनेनंतर पहिला प्रश्न असतो, आधी कोण गेलं? कुठली लाइन आधी तुटली आणि कुठली तिच्यामुळे? सगळं काही सेकंदांत घडलेलं असतं, त्यामुळे उत्तर ठिकठिकाणच्या नोंदींवरच्या वेळांमधून काढावं लागतं. एका ठिकाणचं घड्याळ अर्धा सेकंद पुढे असेल तर परिणाम आधी आणि कारण नंतर असं दिसेल. म्हणून वीज यंत्रणेतली अशी यंत्रं जीपीएसच्या उपग्रहांवरून वेळ घेतात. देशाची प्रमाण वेळ राखण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे, आणि सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना आपले कॉम्प्युटर या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं.

रीसेट केलंच नाही तर...

आता उलट बाजू. कर्नल किंवा तसाच एखादा प्रोग्राम सुरू झाल्यापासून ठोके मोजत राहतो. तो वर्षभर बंदच झाला नाही तर?

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध सुरू होतं. सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा तैनात होती. ती सुरू झाल्यापासूनचा वेळ एक दशांश सेकंदाच्या ठोक्यांत मोजायची. पण एक दशांश ही संख्या कॉम्प्युटरच्या दोन अंकी भाषेत पूर्ण लिहिताच येत नाही, शेपूट कापावं लागतं. प्रत्येक ठोक्याला चूक नगण्य. यंत्रणा सलग १०० तास चालू होती, तोवर साठून साठून ही चूक सेकंदाच्या एक तृतीयांश इतकी झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून पुढे गेलेलं असतं. पॅट्रियटनं चुकीच्या जागी पाहिलं, तिथं काही दिसलं नाही. इराकचं स्कड बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. फार काळ सलग चालवू नका अशी सूचना आधी गेली होती, पण फार काळ म्हणजे किती तास हे त्यात नव्हतं. यंत्रणा मधे रिस्टार्ट केली असती तर मोजणी पहिल्यापासून सुरू होऊन चूक शून्य झाली असती. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

दुसरं उदाहरण जनरेटरचंच, पण विमानातल्या. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला. या विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रित करणाऱ्या यंत्रांमधला एक काउंटर भरून वाहतो, सगळी नियंत्रक यंत्रं एकाच वेळी सुरक्षा मोडमध्ये जातात आणि विमानाची एसी वीज पूर्ण जाऊ शकते. उपाय काय सांगितला? ठरावीक दिवसांनी विमानाची वीज बंद करून परत सुरू करा! २४८ च का? सेकंदाचे शंभर ठोके मोजले तर ३२ बिटांचा धन-ऋण आकडा बरोबर २४८ दिवस आणि काही तासांनी भरतो, गणित जुळतं. विंडोज ९५ मध्येही असाच घोळ होता, ४९.७ दिवसांनी कॉम्प्युटर अडकायचा. अर्थात विंडोज ९५ सलग ४९ दिवस चालवणं हेच एक दिव्य होतं.

लिनक्सवाल्यांनी यावर काढलेला तोडगा भन्नाट आहे. कर्नल सुरू होताना त्याचा ठोक्यांचा काउंटर शून्यावर लावतच नाहीत. ३२ बिटांचा आकडा भरून परत शून्य व्हायला पाच मिनिटं बाकी असतील, अशा ठिकाणी तो मुद्दाम लावतात. म्हणजे हिशेब चुकवणारा एखादा ड्रायव्हर असेल तर तो कित्येक महिन्यांनी कुठल्यातरी सर्व्हरवर मध्यरात्री उघडा पडण्याऐवजी, लिहिणाऱ्याच्याच टेबलावर पाचव्या मिनिटाला उघडा पडतो.

तुमच्या कॉम्प्युटरचा हा काउंटर किती झालाय ते बघायचं असेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, तिथं ‘अप टाइम’ दिसेल. रोज रात्री शटडाउन करूनही तिथं कित्येक दिवसांचा आकडा दिसला तर दचकू नका. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर कर्नल खऱ्या अर्थानं बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. काहीतरी अडलंय म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि फरक पडला नाही, असं होतं ते बऱ्याचदा यामुळे. शटडाउनऐवजी रिस्टार्ट दाबलं तर कर्नल पहिल्यापासून सुरू होतो, टायमर नव्यानं लावले जातात आणि अप टाइमचा आकडा परत शून्यापासून मोजायला लागतो.